नाविक नाकेबंदी आणि साहाय्यनौका : शासकीय भूमिकांची भाषा

१. विषयप्रवेश

युद्धप्रसंगी शत्रूच्या किनाऱ्याकडे जाणारी आणि तेथून निघणारी सर्व राष्ट्रांची जहाजे अडविण्याचा जो उपाय योजिला जातो, त्यास आंतरराष्ट्रीय कायद्यात नाविक नाकेबंदी म्हणतात. मराठीत ‘नाकेबंदी’ हा शब्द मुळात खुष्कीच्या वाटेवरचा आहे. नाके म्हणजे वाटेवरील जकातीचे वा पहाऱ्याचे ठिकाण, आणि ते अडवून धरणे ती नाकेबंदी. शहरातील रस्त्यावर पोलीस वाहने तपासतात, त्यासही आपण हाच शब्द वापरतो. दोन्ही प्रसंगी शब्द एक असला तरी अर्थांत मोठे अंतर आहे. पोलिसांची नाकेबंदी राज्याच्या अंतर्गत अधिकारातून उद्भवते. नाविक नाकेबंदी मात्र युद्धविषयक कायद्यातून उद्भवते, आणि खुल्या समुद्रावरील परक्या राष्ट्राच्या जहाजासही ती बंधनकारक असल्याचा दावा करते. वृत्तपत्रीय मराठीत हे दोन अर्थ एकमेकांत मिसळतात व त्यामुळे पुष्कळदा वादाचा मुद्दाच वाचकाच्या दृष्टीआड होतो.

प्रस्तुत लेखाचा विषय गाझाच्या किनाऱ्याकडे निघालेल्या साहाय्यनौका आणि त्यांविषयी निरनिराळ्या शासनांनी घेतलेल्या भूमिका हा आहे. ऑगस्ट २००८ मध्ये सायप्रसमधील लार्नाका बंदरातून निघालेल्या दोन लहान नौका गाझाला पोहोचल्या. ३ जानेवारी २००९ रोजी इस्राएलने गाझाच्या किनाऱ्यापासून २० सागरी मैलांपर्यंत नाविक नाकेबंदी घोषित केली. ३१ मे २०१० रोजी सहा जहाजांचा तांडा गाझाकडे येत असता इस्राएली नौदलाच्या सैनिकांनी तो खुल्या समुद्रात अडविला. त्यांपैकी ‘मावी मार्मारा’ या जहाजावर झालेल्या संघर्षात नऊ प्रवासी मारले गेले व काही सैनिक जखमी झाले. दीर्घकाळ बेशुद्धावस्थेत असलेला दहावा प्रवासी २०१४ साली मरण पावला. त्यानंतरही अशा नौका निघत राहिल्या. २०२५ साली जूनमध्ये ‘मॅडलीन’, जुलैमध्ये ‘हंदाला’ आणि ऑक्टोबरच्या आरंभी ‘ग्लोबल सुमूद’ या नावाचा चाळीसांहून अधिक नौकांचा तांडा अडविण्यात आला. ‘सुमूद’ या अरबी शब्दाचा अर्थ चिकाटी, पाय रोवून उभे राहणे असा आहे.

या घटनांचा राजकीय व कायदेशीर विचार पुष्कळांनी केला आहे. येथे भाषाशास्त्राच्या बाजूने एक प्रश्न विचारावयाचा आहे : नाकेबंदीविषयी शासन जेव्हा निवेदन करते, तेव्हा ते नेमके काय मान्य करते, काय नाकारते आणि कशाविषयी मौन पाळते? या प्रश्नाचे उत्तर निवेदनातील नामे, क्रियापदे व प्रयोग यांतून पुष्कळ अंशी मिळू शकते, असे दाखविण्याचा हा प्रयत्न आहे.

२. घोषणा ही कृती

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या व १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत असे प्रतिपादन केले, की काही उच्चार वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, ते उच्चारणे हीच एक कृती असते. जहाजाचे नामकरण, पैज, मृत्युपत्र ही त्यांची उदाहरणे प्रसिद्ध आहेत. अशा उच्चारास खरे किंवा खोटे म्हणता येत नाही. तो साधला किंवा फसला, एवढेच म्हणता येते; आणि तो साधावा म्हणून काही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात.

नाविक नाकेबंदी ही या वर्गात चपखल बसते. समुद्रात युद्धनौका उभ्या केल्याने कायद्याच्या अर्थी नाकेबंदी होत नाही. ती घोषित करावी लागते व इतर राष्ट्रांस कळवावी लागते. सॅन रेमो येथील मानवतावादी कायद्याच्या संस्थेच्या पुढाकाराने तज्ज्ञांनी तयार केलेली समुद्रयुद्धविषयक नियमपुस्तिका १९९४ साली पूर्ण झाली. ती करार नव्हे; परंतु रूढ कायद्याचे विवेचन म्हणून तिचा सर्वत्र आधार घेतला जातो. नाकेबंदीची घोषणा व्हावी, तीत आरंभ, मुदत, स्थान व व्याप्ती सांगावी, नाकेबंदी परिणामकारक असावी, सर्व राष्ट्रांच्या जहाजांना ती निःपक्षपातीपणे लागू व्हावी, असे तीत म्हटले आहे. यांपैकी परिणामकारकतेची अट तर १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्याइतकी जुनी आहे. कागदावरची नाकेबंदी बंधनकारक नाही, हे तत्त्व त्या वेळीच मान्य झाले. याखेरीज, नागरिकांची उपासमार हाच जिचा एकमेव हेतू आहे, किंवा जिच्यामुळे नागरिकांना होणारी हानी अपेक्षित लष्करी लाभाच्या मानाने अतिरिक्त ठरते, अशी नाकेबंदी निषिद्ध आहे. नागरिकांना अन्नाचा पुरेसा पुरवठा होत नसेल, तर तो मुक्तपणे जाऊ देणे हे नाकेबंदी करणाऱ्याचे कर्तव्य आहे. मात्र तपासणीसह तांत्रिक व्यवस्था ठरविण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतो.

ऑस्टिनच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही घोषणेच्या सफलतेच्या अटींची यादी होय. साहाय्यनौकेवरून जो वाद होतो तो या यादीवरचा वाद असतो. घोषणा साधली असेल, तर नौका अडविणे हा घोषणेचा स्वाभाविक परिणाम ठरतो, मग ती खुल्या समुद्रात का असेना. घोषणा फसली असेल, तर त्याच कृतीचा अर्थ परक्या ध्वजाखालील जहाजावरील बलप्रयोग असा होतो. कारण शांततेच्या काळी खुल्या समुद्रात जहाजावर त्याच्या ध्वजराष्ट्राखेरीज अन्य कोणाचा अधिकार सहसा चालत नाही. सैनिक दोन्ही पक्षी तेच, शिडीही तीच. नाव मात्र मागच्या घोषणेवरून ठरते.

३. नाव आणि निर्देश

शासने शब्द किती जपून निवडतात याची दोन ऐतिहासिक उदाहरणे येथे उपयोगी पडतील. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांनी बंडखोर दक्षिणी राज्यांच्या बंदरांची ‘नाकेबंदी’ घोषित केली. स्वतःची बंदरे ‘बंद’ करणे हा अंतर्गत कारभाराचा भाग ठरला असता. ‘नाकेबंदी’ हा शब्द मात्र दोन युद्धमान पक्ष गृहीत धरतो. मे १८६१ मध्ये ब्रिटनने तटस्थता जाहीर केली आणि तीबरोबर दक्षिणेला युद्धमान पक्षाचा दर्जा आपोआप मिळाला. शंभर वर्षांनी याच्या उलट घडले. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबाकडे जाणारी शस्त्रवाहू जहाजे अडविताना अध्यक्ष केनेडी यांनी ‘नाकेबंदी’ हा शब्द टाळून रोगराईच्या काळी जहाज वेगळे ठेवण्याचा वाचक असा शब्द योजिला. नाकेबंदी ही युद्धकृती मानली जाते, आणि युद्धाचा पुकारा त्यांना करावयाचा नव्हता. एका प्रसंगी शब्दाने नको तो दर्जा देऊन टाकला, तर दुसऱ्या प्रसंगी शब्द टाळल्याने नको ते युद्ध दूर ठेवण्यास वाव मिळाला.

गाझाच्या बाबतीत नावाइतकाच निर्देशाचा प्रश्न महत्त्वाचा ठरला. ‘गाझाची नाकेबंदी’ या पदसमूहाने नेमके काय निर्दिष्ट होते? जून २००७ पासून भूमीवरील प्रवेशद्वारांवर घातलेले निर्बंध, जानेवारी २००९ ची समुद्रावरील घोषणा, की दोन्ही मिळून होणारी एकच परिस्थिती? संयुक्त राष्ट्रसंघाच्या कक्षेतील दोन चौकश्यांनी याची भिन्न उत्तरे दिली. मानवी हक्क परिषदेने नेमलेल्या सत्यशोधन मंडळाने सप्टेंबर २०१० च्या अहवालात नागरिकांवरील एकंदर परिणामांकडे पाहिले आणि नाकेबंदी बेकायदा ठरविली. सरचिटणिसांनी न्यूझीलंडचे माजी पंतप्रधान जेफ्री पामर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या व सप्टेंबर २०११ मध्ये प्रकाशात आलेल्या समितीने समुद्रावरील उपाय भूमीवरील निर्बंधांपासून वेगळा काढला आणि शस्त्रास्त्रे रोखण्यासाठी योजिलेला सुरक्षेचा उपाय म्हणून तो वैध मानला. त्याच समितीने घोषित क्षेत्रापासून फार दूर, अखेरचा इशारा न देता, इतक्या बळानिशी जहाजांवर उतरण्याचा निर्णय अवाजवी व अतिरेकी ठरविला. नौकांच्या संयोजकांनी बेपर्वाईने वर्तन केले असेही म्हटले. या दोन अहवालांत घटनांविषयी मतभेद आहेतच, परंतु निष्कर्षांतील विरोधाचे एक मोठे मूळ ‘नाकेबंदी’ हे नाम एकवस्तुवाचक की समूहवाचक या प्रश्नात आहे. इस्राएलने नेमलेल्या तुर्केल आयोगाने जानेवारी २०११ मध्ये नाकेबंदी कायदेशीर ठरविली होती. उलटपक्षी, आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने जून २०१० मध्ये गाझाच्या एकंदर कोंडीला नागरिकांवरील सामूहिक शिक्षा म्हटले होते. रेडक्रॉसने वापरलेला ‘कोंडी’ या अर्थाचा शब्द समुद्र आणि भूमी असा भेदच करीत नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

४. भूमिकांचे चार प्रकार

यावरून साहाय्यनौकांविषयीच्या शासकीय भूमिका चार वर्गांत मांडता येतात.

पहिला वर्ग घोषणा साधली असे मानणाऱ्यांचा. इस्राएलच्या निवेदनांत नाकेबंदी ‘कायदेशीर’ या विशेषणासह येते, आणि नौकेचे वर्णन साहाय्य या अंगाने न होता चिथावणी किंवा प्रसिद्धी या अंगाने होते. २०२५ साली ‘मॅडलीन’ला तेथील परराष्ट्र खात्याने स्वतःची छायाचित्रे काढणाऱ्यांची विलासनौका अशा अर्थाचे उपहासात्मक नाव दिले. याबरोबरच माल अश्दोद किंवा अश्कलोन येथे उतरवावा, तेथून तो पोहोचविला जाईल, असे सांगण्यात येते. तपासणीचा अधिकार आपणाकडे आहे या दाव्याशी हे सुसंगत आहे.

दुसरा वर्ग घोषणा फसली असे मानणाऱ्यांचा. २०१० साली तुर्कस्तानचे परराष्ट्रमंत्री दावुतोग्लू यांनी सुरक्षा परिषदेपुढे या कृतीस राज्याने केलेली हत्या व चाचेगिरी म्हटले. १ ऑक्टोबर २०२५ रोजी कोलंबियाने इस्राएलच्या राजनैतिक प्रतिनिधींना देश सोडण्यास सांगितले. या वर्गाच्या निवेदनांत खुला समुद्र व आंतरराष्ट्रीय कायदा हे शब्द अग्रभागी असतात.

तिसरा वर्ग घोषणेच्या वैधतेविषयी काही न बोलता व्यक्तींविषयी बोलणाऱ्यांचा. सप्टेंबर २०२५ मध्ये ग्रीसनजीकच्या समुद्रात ‘सुमूद’ तांड्यावर ड्रोनहल्ले झाल्यानंतर इटली व स्पेन यांनी युद्धनौका धाडल्या. नागरिकांचे रक्षण व गरज पडल्यास सुटका, एवढेच प्रयोजन सांगण्यात आले. इटलीची नौका गाझापासून १५० सागरी मैलांवर थांबली. नाकेबंदीला आव्हान देणे किंवा ती मान्य करणे या दोहोंपासून हे शासन दूर राहू इच्छीत होते, हे त्या थांबण्याने शब्दांपेक्षा अधिक स्पष्ट केले.

चौथा वर्ग नौकांना परावृत्त करणाऱ्यांचा. मे २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे तत्कालीन सरचिटणीस बान की-मून यांनी भूमध्य समुद्रालगतच्या शासनांना पत्रे लिहून अशा मोहिमांना आळा घालण्यासाठी आपले वजन वापरण्याची विनंती केली. जुलै २०११ मध्ये ग्रीसने आपल्या बंदरांतून गाझाकडे जहाजे निघण्यास बंदी केली. २०२५ साली इटलीच्या पंतप्रधान मेलोनी यांनी मोहीम अनावश्यक व धोक्याची ठरवून माल सायप्रसमार्गे पाठविण्याचा पर्याय सुचविला. एकच शासन तिसऱ्या व चौथ्या वर्गांत एकाच वेळी असू शकते, हे यावरून दिसते. चौथ्या वर्गातील निवेदनांत विध्यर्थी व आज्ञार्थी रूपे नौकेवरील लोकांना उद्देशून येतात. विनंती कोणाला केली आहे, हे पाहिले म्हणजे बदल कोणी करावा अशी अपेक्षा आहे ते कळते.

५. कर्ता कोण?

मराठी व्याकरणातील कर्तरी, कर्मणी व भावे हे प्रयोग आपणास परिचित आहेत. ‘सैनिकांनी प्रवासी मारले’, ‘प्रवासी मारले गेले’, ‘जीवितहानी झाली’ ही तीन वाक्ये एकाच घटनेविषयी असू शकतात. पहिल्यात कर्ता उक्त आहे, दुसऱ्यात तो लोपला आहे, आणि तिसऱ्यात मारणारा तर नाहीच, मरणाराही एका भाववाचक नामात विरून गेला आहे. अन्य भाषांतही अशा सोयी आहेत, आणि राजनैतिक गद्य त्यांचा भरपूर उपयोग करते.

१ जून २०१० रोजी सुरक्षा परिषदेच्या अध्यक्षांनी केलेले निवेदन याचा उत्तम नमुना होय. त्याच्या एका वाक्यात इस्राएली लष्करी कारवाईचा स्पष्ट उल्लेख आहे. तेथे क्रियापद खेदवाचक आहे. लगेच पुढील वाक्यात निषेधवाचक क्रियापद येते, पण निषेध ज्या कृत्यांचा केला त्या कृत्यांचा कर्ता सांगितलेला नाही. ज्यांमुळे प्राणहानी झाली ती कृत्ये, एवढेच म्हटले आहे. सैनिकांचे कृत्य असा अर्थ एका पक्षाला घेता येतो. प्रवाशांनी केलेला प्रतिकारही त्यात मोडतो, असे दुसऱ्याला म्हणता येते. सर्वसंमतीने काढावयाच्या निवेदनात ही संदिग्धता हा दोष नसून संमतीची किंमत असते. भारत सरकारनेही त्या वेळी प्राणहानीविषयी दुःख प्रकट करून अशा अविवेकी बलप्रयोगाचे समर्थन होऊ शकत नाही अशी भूमिका घेतली होती. येथे निषेधाचा विषय बलप्रयोग हा होता, नाकेबंदीची वैधता नव्हे.

‘चाचेगिरी’ या शब्दाचा प्रकार वेगळा आहे. १९८२ च्या समुद्रविषयक कराराच्या व्याख्येप्रमाणे चाचेगिरी ही खासगी हेतूने खासगी जहाजाने केलेली असते. शासनाच्या हुकमाने वागणारी युद्धनौका तीत येत नाही. तेव्हा हा शब्द परिभाषा म्हणून चुकतो. निंदा म्हणून मात्र त्याचा परिणाम होतो. परिभाषा आणि निंदा यांतील सीमा अभ्यासकाने ओलांडू नये. वक्ता ती हेतुपुरस्सर ओलांडतो, एवढे मात्र नोंदवावे.

एका शब्दावर दोन राष्ट्रांचे संबंध कसे अडून राहतात, हेही याच प्रकरणात दिसले. तुर्कस्तानची मागणी क्षमायाचनेची होती, आणि पामर समितीने शिफारस केली ती खेद प्रकट करण्याची. खेद हा मनाच्या अवस्थेचा वाचक शब्द आहे. दुसऱ्याच्या दुःखाबद्दलही खेद वाटू शकतो. क्षमायाचना ही मात्र कृती आहे, आणि तीत कर्तेपण स्वीकारावे लागते. सप्टेंबर २०११ मध्ये तुर्कस्तानने इस्राएलच्या राजदूतास परत पाठविले. २२ मार्च २०१३ रोजी अमेरिकेच्या मध्यस्थीने पंतप्रधान नेतन्याहू यांनी दूरध्वनीवरून क्षमा मागितली. तीही ज्या चुकांमुळे प्राणहानी झाली असेल अशा चुकांबद्दल, म्हणजे संशयार्थी क्रियापदासह. पूर्ण समेट व दोन कोटी डॉलरांची भरपाई यांस २०१६ साल उजाडावे लागले.

६. अनुमतीचा प्रश्न

येथवरच्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. गाझातील माणसांना अन्न हवे आहे. मग घोषणा साधली की फसली याची मीमांसा कशाला? आक्षेप गंभीर आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अन्नसुरक्षेचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण करणाऱ्या यंत्रणेने गाझा शहर व परिसरात दुष्काळ असल्याचे जाहीर केले होते. परंतु नेमक्या याच कारणासाठी पुढील दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत.

मार्च २०२४ मध्ये ‘ओपन आर्म्स’ नावाची नौका लार्नाकाहून सुमारे २०० टन अन्नसामग्री घेऊन निघाली आणि गाझाच्या किनाऱ्याला लागली. इस्राएलने सायप्रसमध्ये तपासणी करून तिला अनुमती दिली होती. २०२५ च्या ‘मॅडलीन’वर बारा जण होते, माल थोडा होता, आणि अनुमती मागितलेली नव्हती. पहिली नौका पोहोचली, दुसरी अडविली गेली. दोन्हींवर अन्न होते. अनुमती मागण्यातच घोषणेचा स्वीकार असतो, हा त्यांतील भेद. पहिल्या नौकेने घोषणा गृहीत धरली आणि माल पोहोचविला. दुसरीने माल पोहोचणार नाही हे बहुधा जाणूनच घोषणा नाकारली. थोड्या मालावरून तिचा उपहास करणारे आणि तिला केवळ अन्नवाहू नौका म्हणणारे, दोघेही तिच्या कृतीचा अर्ध्यानेच अर्थ घेतात. ती नौका हीच एक उक्ती होती, आणि तिचा आशय नकाराचा होता.

शासने अशा नौकेपुढे अडचणीत का येतात, ते यावरून कळते. अनुमती घेऊन जाणाऱ्या नौकेविषयी कोणत्याही शासनाला वैधतेवर मत द्यावे लागत नाही. अनुमती न घेता निघालेली नौका मात्र प्रत्येक शासनाला, विशेषतः ज्याचा ध्वज तिच्यावर आहे किंवा ज्याचे नागरिक तीत बसले आहेत त्याला, घोषणेविषयी बोलण्यास भाग पाडते. आणि बोलावयाचे नसेल तर न बोलण्याचा मार्ग शोधण्यास भाग पाडते.

७. समारोप

अशा निवेदनाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने निदान चार गोष्टी तपासाव्यात, असे सुचवावेसे वाटते. नाकेबंदीसाठी कोणते नाम योजिले आहे व त्याचा निर्देश समुद्रापुरता आहे की एकंदर परिस्थितीपर्यंत जातो. निषेध, खेद व चिंता यांपैकी कोणते क्रियापद कोणत्या कर्मास लावले आहे. कर्ता उक्त आहे की लुप्त. आणि विनंती नौदलाला केली आहे, नौकेवरील लोकांना, की उभयतांना. या चार प्रश्नांनी शासनाचे अंतरंग कळेल असा दावा नाही. शासनाने स्वतःला किती बांधून घेतले, एवढे मात्र कळते, आणि पुढच्या प्रसंगी त्याच्याकडे त्या शब्दांचा हिशेब मागता येतो.

मराठीपुरते एक काम आपल्या हाती आहे. ही निवेदने आपल्या वृत्तपत्रांत भाषांतरित होऊन येतात, तेव्हा ‘अडविली’, ‘रोखली’, ‘ताब्यात घेतली’, ‘अपहरण केले’ या क्रियापदांपैकी एक निवडावेच लागते, आणि मूळ निवेदनाने काळजीपूर्वक मोकळी ठेवलेली जागा भाषांतरात पुष्कळदा नकळत भरली जाते. २०१० व २०२५ या दोन वर्षांतील मराठी वृत्तांची मूळ निवेदनांशी तुलना करणे हा पदव्युत्तर प्रबंधिकेस पुरेल असा विषय आहे. ‘मावी मार्मारा’वर दहा माणसे प्राणास मुकली. त्यांच्याविषयीचे वाक्य कोणत्या प्रयोगात लिहावे, हा प्रश्न व्याकरणाचा खराच; परंतु त्याचे उत्तर देताना आपण कोणाचे कर्तेपण सांगतो आणि कोणाचे लपवितो, याची जाणीव लिहिणाऱ्यास असली पाहिजे.